तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या?

नाशिकच्या तपोवनातल्या झाडांसाठीच्या आंदोलनात भेटलेल्या मंडळींपासून माझ्या सख्ख्या नणंदेपर्यंत अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. बिल्डरांकडून फी घ्यायची आणि त्यांच्याच प्लॉटवरच्या झाडांसाठी भांडायचे, तर तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या? बिल्डरही हेच विचारतात, फक्त त्यांचा संशय उलट्या दिशेचा असतो. आजवर हसून वेळ मारून नेली, पण आता तुम्ही विचारलेतच म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी पैशांचे बोलू. लँडस्केप सल्लागार म्हणून मला मिळणारी फी बांधकाम व्यावसायिकच देतात, आणि ती घेताना मला संकोच वाटत नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या वसाहतीसाठी, तपोवनातल्या सुमारे 1,800 झाडांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा लोक रस्त्यावर आले ते योग्यच झाले, आणि मीही त्यांत होते. परंतु हरकती मागवणारी नोटीस लागते ती झाड तोडायचे असेल तेव्हा. जे झाड नकाशावर हिरव्या वर्तुळाने ‘राखलेले’ म्हणून दाखवलेले असते, त्याच्यासाठी नोटीस निघत नाही, मोर्चा निघत नाही आणि बातमीही येत नाही. माझ्या वाट्याला येतात ती ही झाडे, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट साइट ऑफिसमधूनच जाते.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका प्लॉटवर चिंचेचे जुने झाड होते. मूळचा मळा, त्यामुळे चिंच बांधावर, आणि बांध म्हणजेच गटाची हद्द. आपल्याकडे शेताचा ले-आऊट पडतो तेव्हा बांधावरची झाडे नेमकी कंपाऊंड आणि साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूने मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात, सापडतात. इमारतीच्या आड न येताही ती मरतात, कारण भिंतीचा पाया, ड्रेनेज आणि पाण्याची लाइन हे सगळे त्याच पट्ट्यातून जाते. चिंचेच्या खोडाचा व्यास सुमारे 70 सेंटिमीटर होता. बांधकामाजवळच्या झाडांसाठीच्या ब्रिटिश मानक 5837 प्रमाणे खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे क्षेत्र मुळांसाठी राखायचे असते, म्हणजे इथे 8.4 मीटर. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ जवळजवळ 2,400 चौरस फूट भरते. मी हा आकडा सांगितल्यावर मालकांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “मॅडम, गंगापूर रोडचा भाव माहीत आहे ना?”

बरीच घासाघीस होऊन खोडापासून पाच मीटरवर कुंपण ठरले. कंपाऊंडची भिंत सलग पाया न घेता खांबांवर बीम टाकून उचलायची आणि खांबांचे खड्डे हाताने खणून मुळे चुकवायची, हेही मान्य झाले. बांबू आणि हिरवी जाळी लागली. पहिला स्लॅब पडेपर्यंत सर्व नीट होते. पुढे तयार काँक्रीट आणणारे ट्रान्झिट मिक्सर वळायला जागा पुरेना, तेव्हा कुंपण कोणीतरी तीन मीटरवर आणले, नंतर एका बाजूने काढूनच टाकले, आणि सावली चांगली म्हणून सिमेंटच्या गोण्या आणि सेंट्रिंगच्या प्लेटा तिथे येऊन पडल्या. मी लेखी कळवले, उत्तर आले नाही.

एका सकाळी मी पोहोचले तेव्हा ड्रेनेजचा चर खोदून झाला होता. ठरलेली लाइन रस्त्याच्या बाजूने जाणार होती, पण उतार मिळत नाही म्हणून ती खोडापासून जेमतेम दीड मीटरवरून नेली होती. चराच्या भिंतीतून मनगटाएवढी मुळे बाहेर आलेली होती. ती कापलेली नव्हती; जेसीबीच्या दातांनी ओढून फाडलेली होती, त्यामुळे साल मागे थेट मातीत शिरेपर्यंत सोलवटली होती आणि आतले लाकूड ओलसर, पिवळट दिसत होते. मुकादम प्रामाणिकपणे म्हणाला, “झाडाला तर हात पण नाही लावला मॅडम.” त्याच्या दृष्टीने झाड म्हणजे जमिनीवर जे दिसते ते. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. ज्यांना मी सांगितले होते ते त्या दिवशी मुंबईत होते. फाटकी टोके करवतीने साफ कापून घेतली, मुळे वाळण्याआधी काळी माती परत भरून घेतली आणि टँकर मागवून पाणी दिले. पाइप तिथेच राहिला. शेवटी पार्किंगची पातळी जुळवण्यासाठी खोडाला लागून दोन फूट मुरुमाचा भराव झाला, त्यावर रोलर फिरला आणि पेव्हर ब्लॉक बसले.

ब्रोशरच्या मुखपृष्ठावर चिंच होती. ताबा दिला तेव्हाही ती हिरवीगार होती, कारण खोडात साठवलेल्या अन्नावर मोठे झाड दोन-तीन पावसाळे काढते. मग शेंड्याकडून फांद्या वठू लागल्या. सोसायटीने गाड्यांवर फांदी पडेल म्हणून रीतसर अर्ज केला, परवानगी मिळाली, झाड गेले. रहिवाशांपैकी एका काकूंनी मला फोन करून विचारले, “तुम्ही बिल्डरच्याच होतात ना?”

आता कायदा. 1975 च्या महाराष्ट्राच्या वृक्ष अधिनियमात झाड ‘तोडणे’ याच्या व्याख्येत ते जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सगळे येते. कागदावर त्या चरालाही परवानगी लागली असती. परंतु इजा आज होते आणि मरण काही वर्षांनी येते. तोवर मुळे पेव्हरखाली असतात आणि अर्जदार बिल्डर नसून सोसायटी असते. 2021 च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली, तीही तोडल्यावरच लागू होते.

विशीतली मी आज समोर असती, तर तिने मला सोडले नसते. तिचे म्हणणे असे की माझ्यामुळे बिल्डरला ‘झाड राखले’ म्हणायला सोय होते, आणि मी नसते तर निदान ढोंग तरी झाले नसते. मी तिला सांगते की मी नसते तर पहिल्याच दिवशी चिंच तोडण्याचा अर्ज गेला असता. ती म्हणते, मग शेवटी वेगळे काय झाले? पाथर्डी फाट्याजवळच्या दोन कडुनिंबांकडे मी बोट दाखवते. तिथे भराव टाळून पार्किंगच खाली घेतले, आणि ते दोन्ही आजही जोमात आहेत. ती म्हणते, तिथला मालकच चांगला होता. हेही खरे आहे.

सध्या मी एक अट घालते. पहिला जेसीबी आत येण्याआधी कुंपण उभे राहिले पाहिजे, आणि ते माझ्या पत्रात नव्हे तर ठेकेदाराच्या कामाच्या यादीत, दर आणि दंडासह, स्वतंत्र बाब म्हणून आले पाहिजे. आडगावच्या एका मालकांनी ते मान्य केले. मखमलाबादच्या दुसऱ्यांनी “एवढे कोण करते?” म्हणून दुसरा सल्लागार नेमला. त्यांच्या प्लॉटवर, नेमका रॅम्पच्या तोंडाशी, एक उंबर आहे. फी सोडून तो उंबर मी वाचवला की सोडून दिला, हे तुम्हीच विचारा; माझ्याकडे दोन्ही उत्तरे आहेत.