सोतेर्न: मुरलेली वाईन चाखताना

फ्रान्समधल्या सोतेर्नला जायचं तर बोर्दोहून लांगोंची ट्रेन पकडायची आणि तिथून टॅक्सी. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींची पहिली ओळ तेवढी दिसत होती. या धुक्याविना सोतेर्नची गोड वाईन झालीच नसती. सिरों नावाची छोटी नदी झाडांच्या सावलीतून गार होऊन येते आणि त्या मानाने कोमट असलेल्या गारोनला मिळते. शरदात तिथून धुकं उठतं, सकाळभर मळ्यांवर रेंगाळतं आणि त्या ओलीत द्राक्षांना बोट्रायटिस ही बुरशी धरते. दुपारच्या उन्हाने ती आटोक्यात राहते. सालीला बारीक छिद्रं पडून मण्यातलं पाणी उडून जातं. साखर, आंबटपणा, स्वाद सगळं आत आटत जातं.

मी नाशिककडची. आमच्याकडे घडावर बुरशी दिसली की घरात कुणाला घास गोड लागत नाही, फवारणीची धावपळ सुरू होते. इथे मजूर नेमके बुरशी धरलेलेच मणी खुडत होते! वाकून पाहिलं, तर एकाच घडात काही मणी टपोरे सोनेरी, काही जांभळट तपकिरी आणि काही पार सुरकुतलेले, वर राखाडी लव. खुडायचे ते हे शेवटचे. बाकीचे पुढच्या फेरीला. अशा फेऱ्या कित्येक आठवडे चालतात. शातो द'इकेममध्ये (शातो म्हणजे इथली द्राक्षमळ्यासकट वाईनरी) एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास वाईन निघते म्हणतात. १८५५ साली बोर्दोच्या वाइन्सची दर्जानुसार वर्गवारी झाली, तीत इथल्या वाइन्समध्ये सर्वांत वरचा दर्जा एकट्या इकेमला मिळाला. पीक मनासारखं नसेल तर ते त्या वर्षाची वाईन काढतच नाहीत. १९९२ आणि २०१२ साली काढली नाही.

जुनी वाईन चाखली ती शेजारच्या बारसाकमध्ये, एका लहान शातोच्या तळघरात. साल १९८९. १९८८, ८९ आणि ९० ही लागोपाठची तिन्ही वर्षं इथे फार मानतात. तिथल्या बाईंनी दोन पात्यांच्या ओपनरने बूच हळूहळू हलवत काढलं; जुनं बूच भुसभुशीत होतं, साध्या स्क्रूने त्याचा भुगा होतो. शेजारी त्यांनी त्यांचीच एक कोवळी वाईन ओतली. ती फिकट सोनेरी, ही गडद मधाच्या रंगाची.

कोवळीत मध आणि अननस, जिभेवर आधी गोडवाच. जुनीत जर्दाळू, संत्र्याची साल, केशर आणि मागून भाजलेल्या बदामाचा खमंगपणा. साखर बाटलीतून कुठे जात नाही, पण मुरलेल्या मोरांब्यात गूळ वेगळा लागत नाही तसा इथे गोडवा वेगळा काढता येईना. घोट गिळल्यावर आंबटपणा वर आला आणि तोंड स्वच्छ झालं. चव मात्र बराच वेळ रेंगाळली.

बाईंनी सोबत रोकफोर चीज दिलं. खारट, उग्र, तेही बुरशीनेच घडलेलं. ही वाईन केक-पेस्ट्रीबरोबर देण्याची पद्धत मला आता अजिबात पटत नाही. गोडावर गोड होऊन तिचा आंबटपणा हरवतो. चीज हवं, नाहीतर नुसती प्यावी. आणि थंडगार नको. ग्लास हातात धरून जरा थांबलं, की केशराचा वास तेव्हाच येतो.

निघताना २००१ ची अर्धी बाटली घेतली. तेही इथलं नावाजलेलं वर्ष. मोठ्या बाटलीपेक्षा अर्धीत वाईन लवकर मुरते, म्हणून ती आधी उघडायची, असं बाईंनी बजावून सांगितलं.