डिकीतले कप्पे

जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज घेतल्यापासून म्हापशाच्या बाजारातून आणलेली शहाळी आणि पिशव्या प्रत्येक वळणावर डिकीभर लोळत असत, म्हणून मी स्वतःच कप्पे करायला घेतले. पहिला प्रयत्न फसला आणि दोष माझाच होता: साधे प्लायवुड आषाढात कडांनी फुगले आणि गालिच्याला बुरशीचा वास धरला. दुसऱ्या वेळी आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेले, ओल सोसणारे मरीन प्लाय आणले आणि कापलेल्या प्रत्येक कडेला वॉर्निशचे दोन हात दिले. डिकीची बाजू कुठेच सरळ नसते, त्यामुळे चाकाच्या कमानीपाशी पुठ्ठ्याचा साचा कात्रीने थोडा थोडा कातरत, पुन्हा पुन्हा लावून पाहत माझा अख्खा रविवार गेला. प्लाय कापायला मात्र अर्धा तास पुरला.

या गाडीची बॅटरी डिकीतच, उजव्या बाजूला असते, म्हणून तिथली फळी स्क्रूने न आवळता वेल्क्रोवर बसवली. पत्र्याला एकही भोक पाडले नाही. पुढच्या आसनांच्या कडांना खिसे शिवण्याचा मोहही टाळला, कारण बाजूची एअरबॅग तिथूनच उघडते.

तिसरा कप्पा नुस्त्यासाठी, म्हणजे मासळीसाठी आहे. त्यात स्टीलचा झाकणबंद डबा घट्ट बसतो. तरीही बांगडे घेतले की घरी पोहोचेपर्यंत मी काचा उघड्याच ठेवतो.