चिरोटे: अखेर पदर सुटले, फरक साट्याचा निघाला

सुटले एकदाचे! मधलं चक्र कढईतच उमललं आणि बाहेरचे पदर नखाने वेगळे करता आले. मागच्या खेपेच्या, पदरच न सुटलेल्या चिरोट्यांना इथल्या काहींनी 'गोड पुऱ्या' म्हटलं होतं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पीठ तेच आहे. एक वाटी मैदा, पाव वाटी बारीक रवा, दोन चमचे कडकडीत मोहन, चिमूटभर मीठ. दुधात घट्ट भिजवून अर्धा तास ओल्या फडक्याखाली. त्यात काहीच बदललं नाही.

तुमचे बहुतेक सल्ले तळणीबद्दल होते: आच मंद ठेवा, चिरोट्यावर झाऱ्याने तूप उडवा. सगळं केलं. थर्मामीटर लावून तूप 150 ते 160 अंशांत ठेवलं, तरी चिरोटा ढिम्म. शेवटी वैतागून साटा (तूप आणि पिठी फेसून केलेला लेप) लावलेल्या पोळ्यांची एक कच्ची वळकटीच धारदार सुरीने आडवी कापली आणि आत पाहिलं, तर चक्राचा पत्ता नाही, नुसता सलग पांढरा गोळा! म्हणजे पदर कढईत बिघडत नव्हते, ते पोळपाटावरच एकमेकांत मुरले होते.

कारण ऑक्टोबर हीट. तूप तिशीच्या पुढे गेलं की सैल पडायला लागतं आणि आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात दुपारी पारा त्याच्या वरच असतो. पांढराशुभ्र फेसलेला साटा पोळीवर पसरेपर्यंत तेलकट होतो, पिठात जिरतो, आणि दोन पोळ्यांच्या मध्ये अडसर उरतच नाही. तळताना पिठातल्या पाण्याची वाफ पदर उचलते, पण त्यासाठी मध्ये तुपाचा थर टिकायला हवा ना. आईच्या काळी वनस्पती तुपाचा साटा असायचा, तो गरमीतही घट्ट राहायचा. पदर झकास सुटायचे, पण टाळूला जो मेणचट थर बसायचा तो मला परत नको.

म्हणून या वेळी साट्याचं ताट बर्फाच्या पाण्यावर ठेवून तूप फेसलं आणि त्यात तांदळाची पिठी जवळजवळ तुपाच्या बरोबरीने घातली. बोटावरून ओघळणार नाही इतका दाट साटा हवा. तीन पोळ्या एकावर एक, प्रत्येकीवर साटा, घट्ट वळकटी, आणि ती ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये. मग कापल्यावर प्रत्येक तुकड्यात चक्र स्वच्छ दिसलं. तो तुकडा पाहूनच मी निम्मा खूश झालो होतो. लाटताना कापलेली बाजू वर, दोनदाच हलकं लाटणं फिरवायचं. लाकडी आणि बारीकच घ्या. स्टीलचं जड लाटणं पदर चेपून टाकतं, माझं तर स्पष्ट मत आहे की ते चिरोट्यांच्या वाटेला जाऊच नये.

पिठीबद्दलही एक. कॉर्नफ्लोअरने साटा जास्त गुळगुळीत होतो हे खरं, पण खुसखुशीतपणा तांदळाचाच. विकतची मोदकाची पिठी मात्र दोनदा चाळा. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातली जाडसर निघाली आणि पोळीला बारीक भोकं पडली.

उरलेली कटकट म्हणजे सगळ्यात बाहेरचा पदर. वळकटीचं टोक दुधाने चिकटवूनही निम्म्या चिरोट्यांची शेपटी तुपात उलगडते. पुढच्या खेपेला पाकातले करायचा बेत होता, केशरही आणून ठेवलंय. पण लिहिता लिहिता सुचलं, वळकटीऐवजी पोळीच्या घड्या घालून चौकोनी चिरोटे केले तर सुटं टोक राहतच नाही! चक्राची शोभा जाईल, चालेल. शिवाय आत्ता घरात गाईचं तूप आहे, म्हशीचं त्यापेक्षा रवाळ आणि जरा उशिरा वितळणारं. एकाच पिठाचे दोन भाग करून दोन्ही तुपांचे साटे शेजारी शेजारी लावून बघतो. पाक आणि केशर दिवाळीपर्यंत थांबतील.

तोवर एक सांगा: घडीचे चिरोटे कोणी पाकात बुडवलेत का? मधला भाग कोरडा राहतो की पाक आतपर्यंत जातो?