सांबार आठ जुड्या

पुतणीनं सॅन अँटोनियोहून यादी पाठवली, तिच्या तिसऱ्या ओळीत होतं 'सिलांट्रो, आठ जुड्या'. सुनेनं, ती पुण्याची, त्यावर पेनानं 'कोथिंबीर' लिहिलं. आज दुपारी मी गच्चीत उन्हाला पाठ करून संत्री सोलत बसले होते, कागद हाताशी आला, तर मी तेही खोडलं आणि 'सांबार' लिहिलं. गोकुळपेठेतल्या भाजीवालीला कोथिंबीर म्हटलं तरी समजतं, अगदी नीट समजतं. पण आठ जुड्या कोथिंबीर म्हटलं की मला ती मसाल्याच्या पाकिटावरच्या चित्रातली वाटते. सांबार कसं मुळांसकट, मातीसकट, पिशवी ओली करत घरात येतं.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी सुनेला फोनवर 'येताना सांबार घेऊन ये' म्हटलं होतं आणि ती इडलीवाल्याकडून अर्धा लिटर बांधून घेऊन आली होती. हा प्रसंग नागपुरातल्या प्रत्येक घरात एकदा घडलेला असतो, तेव्हा पुढे जाते.

येत्या रविवारी सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन. पौर्णिमा येते साडेएकोणतीस दिवसांहून किंचित उशिरानं, त्या हिशेबानं हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं आणि वर दहा महिने लागतात, हे आमच्या धाकट्या भाऊजींनी कॅल्क्युलेटरवर काढून गुरुजींना ऐकवलं. गुरुजी म्हणाले, असं काटेकोर कोणी पाहत नाही. रविवारी हॉल, होम, आचारी, सगळं ठरलंय. प्रश्न आहे शनिवार संध्याकाळचा. शनिवारी फक्त घरचे. घरचे म्हणजे बेचाळीस.

पुतणीचं म्हणणं असं की, 'काकू, आजवरच्या एकाही फोटोत तुम्ही नाही. तुम्ही कायम आत असता. या वेळी आपण टाको बार करू. सगळं आधी करून ठेवायचं, गच्चीत टेबल लावायचं, वाडगे मांडायचे, ज्याचं तो भरून घेईल.' फोन स्पीकरवर होता. भाऊजींनी फक्त 'बार' एवढंच ऐकलं. 'गच्चीत? आईच्या कार्यक्रमाला?' त्यांच्या चेहऱ्यावर धक्का होता की आशा, ते मला अजून कळलेलं नाही.

टाको म्हणजे मक्याच्या पुरीत सारण भरून खायचं. माणशी तीन धरले तर एकशे सव्वीस. त्या कडक, होडीसारख्या पुऱ्या पाकिटात बारा येतात. साडेदहा पाकिटं, म्हणजे अकरा. सहा उरतात, ते फुटायला. (अकरा पाकिटं काल आली. एक पाकीट हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजतं. ते मी उघडलेलंच नाही.) पुतणी म्हणते, मेक्सिकोत मऊ पोळीच असते, ही कडक भानगड अमेरिकेतली. मग मऊच करू की, पोळ्या आपल्याला काय नव्या आहेत! म्हणून परवा मक्याचं पीठ भिजवलं. लाटायला घेतलं तर कडा चिरल्या, उचलायला गेले तर महाराष्ट्राचा नकाशा हातात आला, विदर्भ वेगळा झालेला. तेव्हा पुतणीनं खुलासा केला. तिथं मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्यातच राहू देतात, सालं सुटली की धुऊन वाटतात. मग ते पीठ एकमेकाला धरून राहतं. आणि त्या चुन्यामुळेच मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपातल्या लोकांनी मका नेला, चुना तिथंच सोडला, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे त्याच नायसिनच्या कमतरतेचा आजार, झाला.

'चुना ना?' भाऊजी म्हणाले. 'खालच्या पानठेल्यावरून आणतो, दोन मिनिटांत.' त्यांच्या खिशात खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी असते हे सासूबाई सोडून सगळ्यांना माहीत आहे. बहुधा सासूबाईंनाही.

तर मला आवडलेली गोष्ट म्हणजे 'आधी करून ठेवायचं'. यादीची मला खोड आहे. आमच्या लग्नाची सुद्धा यादी माझ्याच अक्षरात आहे, नवरीच्या. आणि त्या खोडीतली आतली खोड अशी की काम ठरलं, त्याची वेळ ठरली, भांडं ठरलं, की मी त्यावर रेघ मारून मोकळी होते. हे म्हणतात, रेघ काम झाल्यावर मारायची असते. असेल. पण ठरवण्यातच निम्मं काम होतं, आणि उरलेल्या निम्म्याची आठवण कागदानं मला सारखी करून देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

दोन किलो राजमा. आज सकाळी भिजवायचा आणि रात्री शिजवायचा, बोटांत चेपला जाईपर्यंत, कारण कच्चट राजमा पोटात भांडतो. फोडणीचा राजमा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच चवीला येतो, तेव्हा ते बरंच आहे. दही उद्या रात्री फडक्यात टांगायचं. त्यांचं ते आंबट क्रीम म्हणजे मीठ घातलेला चक्का, फार तर सैल केलेला. कांदा लिंबात आणि मिठात उद्याच मुरत घालायचा. यादीत लेट्यूस होतं, मी कोबी केला. लेट्यूस तासाभरात मान टाकतं, कोबी दोन दिवस ताठ. टोमॅटो मात्र शनिवारी दुपारीच, बिया काढून, आणि मीठ अगदी शेवटी, नाहीतर साल्सा म्हणून जे वाडग्यात असेल त्यात चमचा पोहेल. माझी आजी टोमॅटोला भेदरं म्हणायची. भेदऱ्याची चटणी लोखंडी तव्यावर, लसूण आणि हिरवी मिरची ठेचून. ती साल्साच होती, फक्त तिला कोणी वाडग्यात ठेवून भोवती चमचे मांडले नाहीत.

अॅव्होकाडोचा भाव ऐकून मी हात मागे घेतला. शिवाय तो चिरला की हवेनं काळा पडतो. लिंबू पिळा, वर प्लास्टिक अगदी चिकटवून झाका, तेव्हा कुठं तोंड दाखवण्याजोगा राहतो. मावशी म्हणाल्या, 'त्यापेक्षा भरीत कर. डिसेंबरात वांगं सोडून हे काय खाऊन राहिले तुम्ही?' हे खोडायला मला काही सुचलं नाही. वांगी दोन किलो, रेघ.

सर्वांत मोठी अडचण मोठ्या काकाजींची. दुसऱ्या दिवशी होम म्हणून शनिवारी मटण नाही, हे त्यांनी गिळलं. पण सगळं समजावून झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, 'आणि तर्री?' तर्री नसते यात, कोरडंच असतं. 'कोरडं?' जन्मभर पोह्यांवरसुद्धा तर्री घेतलेला माणूस. त्यांना काय सांगणार, की ही मिरची मूळची तिकडचीच, मेक्सिकोकडची, पोर्तुगिजांच्या जहाजातून इकडे सासरी आली आणि भिवापुरात असं नाव काढून बसली की आता माहेरचं कोणी विचारत नाही. त्यांच्यापुरता एक गंज रस्सा करावा लागेल. कडक पुरी रश्शात बुडवून खातील. खाऊ देत.

सांबारावरून हे सगळं निघालं. आठ जुड्या निवडणार कोण, असा विचार करत होते आणि मला महालातल्या आमच्या माहेरच्या घराची मधली खोली आठवली.

हेच दिवस. थंडी पडली, सांबार स्वस्त झालं, की आजी पुडाच्या वड्यांचा दिवस ठरवायची. पण वड्यांचा दिवस तो खरा दिवस नव्हेच. खरा दिवस आदला. दुपारी जेवणं झाली की अंगणात सांबाराचा ढीग पडायचा, आणि त्याभोवती आई, काकू, आत्या, शेजारच्या दोघी, अशा पाय पसरून बसायच्या. पानं एका बाजूला, कोवळ्या काड्या दुसऱ्या बाजूला. मोठ्या माणसांबद्दलचं जे जे मला लहानपणी कळलं ते मी त्या ढिगाच्या कडेला, निवडण्याचं नाटक करत बसून ऐकलेलं आहे. कोणाच्या सुनेचं काय, कोणाचं शेत का विकलं. महत्त्वाचं वाक्य आलं की आत्या आवाज खाली घ्यायची आणि तेव्हा फक्त काड्या मोडल्याचे आवाज यायचे.

मग पाला तीनदा धुवायचा, तिसऱ्या पाण्यात माती उरली नाही हे आजी परातीच्या तळाशी बोट फिरवून बघायची, आणि मधल्या खोलीत आजोबांचं जुनं धोतर पसरून त्यावर तो रात्रभर वाळत घालायचा. ओलं सांबार असलं की वडी तेलात फुटते. त्या रात्री मधली खोली बंद. न्हाणीघरात जायचं तर मागच्या अंगणातून, थंडीत, फेरा घालून. पंखा एकवर. घरभर तो हिरवा, थोडा कडवट वास. अंथरुणाला, दप्तराला, दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेणीलासुद्धा.

एका वर्षी सकाळी दार उघडलं तर धोतराच्या बरोबर मधोमध एक पाऊल. पाचही बोटं उमटलेली, खाली पानं चेपून काळपट झालेली, आणि पुढे दारापर्यंत फरशीवर एक-एक पान चिकटत गेलेलं. आम्ही सहा भावंडं. आजीनं कोणाला काही विचारलं नाही. तिनं आम्हाला ओळीनं पायरीवर बसवलं आणि एकेकाचा तळवा उचलून नाकाला लावला. माझा भाऊ तिसरा होता. दोघांचे वास घेऊन होईस्तोवरच तो रडायला लागला.

दुपारी त्या पाल्यात खोबरं, खसखस, चारोळी, हिरवी मिरची, लिंबू, चवीला साखर पडायची. पारी लाटून तिला चिंचेचं पाणी चोपडायचं, सारण ठेवून पुडीसारखं दुमडायचं, तळायचं. कढी वरून. पण त्या वड्या कशा लागायच्या ते मला तेवढं आठवत नाही जेवढा तो तळवा आठवतो. त्या धोतरावर पानांचे ठसे उमटायचे, फिकट हिरवे, आणि ते कधी गेले नाहीत. आजोबा वारल्यावर ते धोतर बरीच वर्षं कपाटात होतं. मग कोणीतरी दिलं असेल भांड्यांवर.

हं. तर आठ जुड्या.

हे सगळं मनात चालू असताना सासूबाई कठड्याला धरत वर आल्या. खुर्ची दिली. कागद हातात घेतला, चष्मा नव्हता, तरी पूर्ण वाचल्यासारखा धरला. 'इतकं सांबार? वड्या करून राहिली का?'

मी टाको समजावला. टेबल, वाडगे, ओळीनं जायचं, आधी पुरी, मग राजमा, मग कोबी, भरीत, चक्का, वरून सांबार, शेवटी किसलेलं चीज. कोणी वाढायचं नाही, कोणी अडकून पडायचं नाही.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, 'मग मी काय करू?'

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, 'तुम्ही बसायचं आई. तुमचाच तर कार्यक्रम.'

'तूप कोण वाढते?'

तूप त्या वाढतात. मी या घरात आले तेव्हापासून पंगतीत दुसऱ्या कोणी तूप वाढलेलं मला आठवत नाही. पंगत जमिनीवर होती तेव्हा वाकून, गुडघे गेल्यावर पंगत टेबलावर आली तर एका हातानं खुर्च्यांच्या पाठी धरत. आणि विचारत नाहीत. 'विचारलं की माणूस नको म्हणते,' हे त्यांचं नेहमीचं. सरळ मागून येऊन वरणावर धार. एकदा डॉक्टरांनी तूप बंद केलेल्या जावयांच्या पानातसुद्धा, आणि जावईही काही बोलले नाहीत, मुकाट्यानं भात कालवला.

'तूप नसते यात,' मी म्हटलं.

'तूप नाही. रस्सा नाही.' त्या थोडा वेळ खालच्या रस्त्याकडे बघत होत्या. 'आणि ज्याला जे पाहिजे ते त्यानं उचलावं.'

'हो.'

'हे तर दुकान झालं.'

मी घाईनं म्हटलं, शेवटचा वाडगा चीजचा आहे, तिथं खुर्ची टाकते, तुम्ही चीज वाढा. त्यांनी विचार केला. चीज म्हणजे ते पिवळं. ते तुपाच्या चमच्यानं वाढता येईल का. म्हटलं, येईल. विचारायचं का, हवं का म्हणून? म्हटलं, मुळीच नाही. मग त्या उठल्या, दोन संत्री उचलली, आणि खाली जाता जाता पायरीवर थांबून म्हणाल्या, 'काकाजीला दोन चमचे देतो मी. कोरडं खाऊन राहिले ना बिचारे.'

त्या स्वतःबद्दल बोलताना 'देतो' म्हणतात, 'करतो' म्हणतात, इकडच्या बायका म्हणतात तसं.

मी यादीत लिहिलं: 'आई. शेवटची खुर्ची. तुपाचा चमचा, पितळी.' आणि रेघ मारली नाही.

ऊन भिंतीवर गेलंय. खालून सून विचारते आहे, 'आई, राजमा कुठल्या पातेल्यात भिजवलाय? दिसत नाही.'

कागद पाहिला. राजम्यावर रेघ आहे, चांगली दुहेरी. राजमा डब्यातच आहे.