पीएसएम मिळतंय, घेऊ का? (माझा अनुभव)

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला, पीजीचं (एमडीच्या ॲडमिशनचं) काउन्सेलिंग चालू आहे, "मावशी, पीएसएम मिळतंय, घेऊ, का एक वर्ष ड्रॉप घेऊ?" पीएसएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, सार्वजनिक आरोग्याचा विषय. मी तेव्हा ओपीडीच्या गडबडीत होते, काहीतरी हो-नाही सांगून फोन ठेवला आणि मग रात्रभर डोक्यात तेच. म्हणून जरा सविस्तर लिहिते, तिला पण हेच पाठवणार आहे.

मला पण मेडिसिनच हवं होतं. एमबीबीएस झालं, बाँडचं वर्ष पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) काढलं, विंचू, साप, रात्री दोनच्या डिलिव्हऱ्या सगळं झालं, आणि २०१६ ला पीजीला रँक अशी आली की मेडिसिन तर सोडाच, स्किनचं नाव काढायची पण सोय नव्हती. मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात पीएसएम मिळालं, घेतलं. वडील परभणीला शाळेत मास्तर, त्यांनी एमडी लागलं म्हणून पेढे वाटले आणि मग कुणी कशात एमडी विचारलं की त्यांची पंचाईत. शेवटी ते "पब्लिकची डॉक्टर होणार" असं सांगायला लागले. काकू म्हणाली, "म्हणजे पोलिओ डोसवाली का गं?" म्हटलं हो काकू, तीच.

पहिलं वर्ष खरं सांगायचं तर रडण्यात गेलं. बरोबरचे पोरं आयसीयूत मॉनिटर बघतायत आणि मी शाळेच्या पोरांची वजनं घेतेय. मग एका सेमिनारला मला डायबेटिसचा विषय मिळाला आणि वाचता वाचता पुण्याच्या केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा तो फेमस फोटो सापडला. २००४ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलेला. ते स्वतः आणि त्यांचे इंग्लंडचे सहकारी जॉन युडकिन, दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या माणसाच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणारा आपला माणूस आतून जाड असतो हे एका फोटोत कळतं. मग त्यांचं बाकीचं काम वाचलं, पुण्याजवळची सहा गावं, १९९३ पासून गरोदर बायकांची नोंद, पुढे त्यांची बाळं, ती बाळं मोठी होईपर्यंत मागोवा. जन्माला येणारं आपलं पोर इंग्लंडच्या पोरापेक्षा वजनाने कमी पण चरबी धरून ठेवणारं, आणि आईच्या बी-१२ च्या कमतरतेचा पोराच्या इन्सुलिनशी संबंध. म्हणजे डायबेटिसची गोष्ट साखरेच्या डब्यापासून नाही तर आईच्या पोटातून सुरू होते. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की अरे, हे काम कुणीतरी गावात जाऊन, दार वाजवून, वजनकाटा खांद्याला लावून केलंय. हे मला जमेल.

मग थिसिस. विषय घेतला बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या बीड जिल्ह्यातल्या एका गावात तीस वर्षांवरच्या लोकांमधलं ब्लड प्रेशर, आणि ज्यांना निघेल त्यांचं सहा महिन्यांनी कंट्रोलमध्ये आहे का. सिनॉप्सिसला, म्हणजे थिसिसच्या आराखड्याला, सॅम्पल साइजचं (किती माणसं घ्यायची त्याचं) ते ठरलेलं सूत्र, चार पी क्यू भागिले एल वर्ग. पी म्हणजे शंभरात किती जणांना बीपी असेल तो अंदाज, क्यू म्हणजे उरलेले, एल म्हणजे चालणारी चूक. पी ३० टक्के धरला, एल त्याच्या १५ टक्के घेतला तर ४१५ माणसं येत होती. गाईड सर म्हणाले, "एल २० टक्के घे." घेतला, २३४ झाली. गळती धरून २६०. पीएसएमवाल्यांना हे वाचून हसू येईल, प्रत्येकाने केलंय.

एथिक्स कमिटीत मात्र एका मॅडमनी गार केलं. "बीपी सापडलं तर काय करणार? मोजून, लिहून घरी येणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग पीएचसीशी बोलून गोळ्यांची सोय, रेफरल, हे सगळं प्रोटोकॉलमध्ये घातलं आणि दुसऱ्या मिटिंगला पास झालं. संमतीपत्र मी असलं कडक मराठीत लिहिलं होतं की गावातली आशाताई वाचून म्हणाली, "म्याडम, हे सातबाऱ्यावानी वाटतंय, लोक अंगठा द्यायला भ्यातेन." परत लिहिलं, तिच्याच भाषेत.

आता पायलटची, म्हणजे सर्व्हेआधीच्या छोट्या चाचणीची गोष्ट, ही भाचीने नीट वाचावी. पारा असलेल्या बीपी मशीनवर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे रीडिंग ०, २, ४, ६, ८ यावर संपायला हवं, आणि शून्य साधारण पाचात एकदा यायला हवं. उपकेंद्रातलं जुनं रजिस्टर बघितलं तर पानच्या पान १२०/८०, १३०/८०, १२०/८०. मी शहाणपणा करत सरांना दाखवलं. सरांनी काही न बोलता माझाच पायलटचा गठ्ठा ओढला, ३० माणसं, वरचा आकडा शून्यावर संपणारी १९. मी कुठे खोटं लिहिलं नव्हतं हो! पण कान आवाजाची वाट बघत असतो आणि डोळा गोल आकड्याची. आणि त्यात मी लोकांना दारातून आलं की लगेच पट्टा बांधत होते. पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या लेव्हलला, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, एका मिनिटाच्या अंतराने परत मोजायचं, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचे काठीसारखे दंड, त्याला मोठा पट्टा बांधला की बीपी कमीच दाखवतं. हे सगळं परीक्षेत लिहून दहा मार्क घेतलेले होते. करत मात्र नव्हते. पायलट फेकून दिला, डिजिटल मशीन आणि दोन साइजचे पट्टे घेतले, परत सुरू.

सर्व्हे २०१७ च्या पावसाळ्यात. फॉर्मवर प्रश्न, "तंबाखू खाता का?" बायका ठामपणे नाही. तिसऱ्या दिवशी एका घरी आजी बोलता बोलता डबी काढून काळी पूड दाताला लावायला लागल्या. म्हटलं आजी हे काय, "हे व्हय, मशेरी." तंबाखू भाजून केलेली. पण ती खात नाहीत ना, लावतात! आधीची ४० घरं परत फिरले. मीठ किती खाता हा असाच एक निरर्थक प्रश्न, सगळे "कमीच" म्हणतात. मग महिन्याला पुडे किती लागतात ते विचारायला लागले. पाच माणसात दीड किलो म्हणजे माणशी रोजचे दहा ग्रॅम, पाचच्या आत हवं. त्यात जनावरांना घातलेलं वजा करायचं, ते वेगळंच गणित. आणि आशाच्या सरकारी फॉर्ममधला तो प्रश्न, आठवड्यात १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का, तो एका ऊसतोड बाईला विचारला तर ती आणि तिची जाऊ एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की मलाच लाज वाटली.

आणि एक गोष्ट, जी माझ्या फॉर्ममध्ये नव्हतीच. आधीचं काही आजारपण, ऑपरेशन, असं सहज विचारलं की तिशी-पस्तिशीतल्या बायका सांगायच्या, "पिशवी काढलीय." एक झाली, दोन झाल्या, मग मी समासात 'पि' लिहायला लागले. गर्भपिशवी इतक्या कमी वयात काढली की पुढे हृदयाचा धोका वाढतो, म्हणजे माझ्या विषयाशी थेट संबंध, पण कॉलमच नाही. थिसिसमध्ये ते एक वाक्य म्हणून गेलं. पुढे २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय पेपरांत आला, विधान परिषदेत गाजला, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. मी पेपर वाचत होते आणि डोळ्यासमोर माझे ते समासातले 'पि'.

२६० मध्ये ७४ जणांना बीपी निघालं. गोळ्या चालू झाल्या, एका वेळी तीस दिवसांच्या, छान चाललंय म्हणेपर्यंत दसरा झाला आणि दिवाळीनंतर गेले तर गल्लीत कुलपं. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. ७४ पैकी ३१ माणसं कोल्हापूर, सांगली, काही थेट कर्नाटकात, मार्च-एप्रिलपर्यंत परत येणार नाहीत, जवळ गोळ्या तीस दिवसांच्या. मी मराठवाड्यातच वाढलेली, साखर कारखान्याला माणसं जातात हे लहानपणापासून माहीत, तरी फॉलोअप जानेवारीत ठेवला. सर म्हणाले लॉस टू फॉलोअप, म्हणजे माणसं पुढे सापडली नाहीत, असं लिही, सगळेच लिहितात, त्यात चुकीचं काही नाही. नियमाने खरंच काही चुकीचं नव्हतं. पण मला ते पटेना, कारण हरवली नव्हती ना ती माणसं, कुठे आहेत ते अख्ख्या गावाला माहीत होतं, फक्त मला नव्हतं!

आशाताईचा दीर मुकादम, ऊसतोडीची टोळी नेणारा. त्याच्याकडून नंबर घेतले, बरेच फोन लागले, आणि कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या तळावर मी त्याच्याबरोबर स्वतः गेले, एसटीने, मशीन पिशवीत घालून. उघड्या रानात ओळीने कोप्या, म्हणजे झोपड्या, चुली, बांधलेली जनावरं, कोपीला टेकून झोपलेली पोरं. संध्याकाळी फडातून बाया आल्या, एकीला म्हटलं जरा पाच मिनिटं शांत बसा, मग मोजते. ती उभ्यानेच म्हणाली, "आता गाडी भरायची म्याडम. पाच मिनटं बसले तर मुकादम खाडा धरीन." खाडा म्हणजे कामावर नाही आलं की उचलीतून (आधी घेतलेल्या पैशांतून) कापलेले पैसे. आणि तो मुकादम माझ्या शेजारीच उभा, खाली बघत होता. शेवटी रात्री नऊनंतर, भाकरी झाल्यावर, बॅटरीच्या उजेडात मोजली. तिचं १६८/१०२.

गोळ्या कधी संपल्या विचारलं. एका प्रकारची गोळी संपली होती, दुसऱ्या प्रकारची तशीच पुडीत. ती लघवीची गोळी (डाययुरेटिक), बीपीसाठी देतात. म्हटलं ही का नाही घेतली, तर म्हणाली, "फडात गडीमाणसं असत्यात. सारखं कुठं जाऊ?" मी पाणी भरपूर प्या सांगणार होते, गिळलं. पाणीसुद्धा त्या ह्याच कारणाने पीत नव्हत्या.

३१ पैकी २२ सापडले, काही तिथे, काही फोनवर. नऊ नाहीच सापडले.

थिसिस लिहिणं, आकडेवारी, टेबलं, त्यात काही सांगण्यासारखं नाही, सगळ्यांसारखंच, शेवटच्या आठवड्यात प्रिंटर बंद पडला वगैरे. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरच्या एक्झामिनरने कायस्क्वेअर वगैरे आकडेमोड विचारायच्या आधीच गोळ्यांचं पान उघडलं आणि विचारलं, "डाययुरेटिक न घेणाऱ्या किती?" मी आकडा सांगितला, मग कारण सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, हे टेबलमध्ये का नाही? म्हटलं सर, फॉर्ममध्ये कॉलम नव्हता.

पुढचं थोडक्यात. सीनियर रेसिडेंटशिप, मग कोविड, तेव्हा वर्षभर कुणी पीएसएम म्हणजे काय विचारलं नाही, काकूनेसुद्धा नाही. कॉन्टॅक्ट ट्रेसिंगची सवय होतीच, कोपीपर्यंत माणूस शोधलेला. मग संशोधनाच्या प्रोजेक्टवर आले, डायबेटिस आणि बीपीच्या लोकांना वर्षानुवर्षं फॉलो करायचं काम. आठवड्यातून दोन दिवस ओपीडी, बाकी गावं आणि एक्सेल. भाचीला हे पण सांगायला हवं की प्रोजेक्टची नोकरी म्हणजे अकरा महिन्यांची ऑर्डर, ग्रँट संपली की परत अर्ज, आणि बरोबरच्या रेडिऑलॉजीवाल्याने फ्लॅट घेतला तेव्हा मी पीएफ कापतात का ते विचारत होते. पेपर रिजेक्ट होतात, दोन-तीन वेळा, रिव्ह्यूअर लिहितो की फॉलोअपला माणसं कमी का. क्लिनिकल डॉक्टरला पेशंट बरा होऊन पेढे आणून देतो, आमच्याकडे ज्याला अटॅक आला नाही तो कधी सांगायला येत नाही, त्याला बिचाऱ्याला माहीतच नसतं. याचा त्रास होतो, नाही म्हणणार नाही. ज्याला रोज कुणीतरी थँक्यू म्हणायला हवं असतं त्याने इकडे येऊ नये.

आत्ताच्या प्रोजेक्टचा फॉर्म बनवताना टीममध्ये भांडून तीन गोष्टी घालून घेतल्या. मशेरीचा वेगळा प्रश्न. पिशवी काढली का, कितव्या वर्षी. आणि दसऱ्यानंतर कुठे असणार. मोबाइल नंबरला तीन रकाने, स्वतःचा, मुकादमाचा, आणि गावातल्या किराणा दुकानाचा, कारण पहिले दोन दर सीझनला बदलतात, दुकानाचा बदलत नाही. पुण्याच्या एका स्टॅटिस्टिशियनने विचारलं होतं हा किराणा व्हेरिएबल कशाला. त्याला म्हटलं ये एकदा.

हे लिहीत असतानाच आशाताईचा फोन येऊन गेला. आमच्याकडे आता निघणाऱ्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या असं ठरलंय पण स्टोअरवाला अजून तीसच काढतो. "म्याडम, टोळी ह्या टायमाला लवकर निघायलीय, अकरा जणी हायेत माझ्या यादीत, तुमी सही करून ठिवा." उद्या सकाळी पहिल्या गाडीने निघते. भाचे, तुझं काउन्सेलिंग संपायच्या आत यायचं असेल तर ये बरोबर, डबा दोघींचा घेते.