थायरॉइडची गोळी आणि पहाटेचा चहा

आजच्या ओपीडीत पुन्हा तेच. थायरॉइडची गोळी रोज चालू, तरी टीएसएच (रक्ततपासणीतला थायरॉइडचा आकडा) चढलेला, म्हणजे औषध कमी पडतंय. अशा वेळी डोस वाढवण्याआधी सकाळ कशी जाते ते विचारायला हवं. बदलापूरहून पहाटेची लोकल गाठायची म्हणजे गोळी चहाबरोबरच पोटात जाते, पाठोपाठ कॅल्शियम. चहा, कॅल्शियम, लोह, अँटासिड, या सगळ्यांमुळे लेव्होथायरॉक्सिन (या गोळीतलं औषध) नीट शोषलं जात नाही. गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. पुढे निदान अर्धा तास, जमल्यास तासभर चहा नको. कॅल्शियम आणि लोह 4 तासांनी. सकाळी जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर 3 तासांनी घ्या, तेही चालतं.

डोस बदलल्यावर टीएसएच 6 ते 8 आठवड्यांनीच करा. या औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण 7 दिवस असतं, त्यामुळे पंधरवड्यात केलेली तपासणी दिशाभूल करते. पैसे जातात ते वेगळेच. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल तर तपासणीच्या 2 दिवस आधी थांबवा, नाहीतर आकडा चुकीचा येऊ शकतो.

वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांना सुरुवात 12.5 ते 25 मायक्रोग्रॅमने. एकदम पूर्ण डोस दिला तर धडधड, छातीत दुखणं सुरू होऊ शकतं.

आणि एक कळकळीने सांगते: दिवस गेल्याचं कळलं की गोळी बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं, डोस बहुधा 25 ते 30 टक्के वाढवावा लागतो.

बाटली गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात तर नाहीच. झाकण घट्ट लावून कोरड्या कपाटात ठेवा.