व्हाळातून गाडी बाहेर आली, पुढे काय?

गोव्यात सत्तरी-सांग्याकडच्या व्हाळांत, म्हणजे ओढ्यांत, गाडी घालणाऱ्यांचं सगळं लक्ष इंजिनावर असतं. स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) लावलं, गाडी बंद न पडता पलीकडे चढली, की गडी खूश. मग दिवाळीच्या सुमारास मागून 'हूंऽऽ' असा आवाज यायला लागतो आणि क्राउन-पिनियनच्या, म्हणजे मागच्या अॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या, खर्चाचा आकडा ऐकून घाम फुटतो.

नव्या थारला कंपनी ६५० मिमी पाणी चालेल म्हणते, गुरखाला ७००. जिम्नीला मात्र फक्त ३००, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. हे आकडे संथ पाण्याचे आहेत, अंगावर येणाऱ्या ओढीचे नाहीत. शिवाय थारच्या १८ इंची चाकाचा मध्य जमिनीपासून जेमतेम ३८-४० सेंटीमीटरवर येतो. म्हणजे कंपनीच्या मर्यादेत राहूनही दोन्ही डिफरन्शियल (चाकांना जोर वाटून देणारे, अॅक्सलमधले गिअरचे गोळे) पूर्ण बुडतात.

चालून तापलेलं हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियलचं कवच, थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढते. ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं छोटं भोक) मोकळा असला तर त्यातून, गाळाने बुजला असला तर ऑइल सीलच्या, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, कडेतून. आपल्याकडे हे पाणी स्वच्छही नसतं. खाण पट्ट्यात जुन्या डंपांवरून, म्हणजे खाणमातीच्या ढिगांवरून, धुऊन आलेली तांबडी पूड त्यात असते, आणि ती सीलच्या ओठाला पॉलिश पेपरसारखी घासते.

म्हणून गाडी व्यवस्थित चालत असली तरी डिफरन्शियलचं ऑइल तपासायचं. रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवा, पाणी तळाशी बसतं. सकाळी गाडी न हलवता आधी वरचा फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) सैल करा, मगच खालचा ड्रेन (ऑइल सोडायचं बूच). उलटं केलंत आणि फिलर गंजून अडकलेला निघाला, तर ऑइल सांडून बसलात आणि भरायला वाट नाही. ड्रेन थोडा सैल केल्यावर पहिली धार पाण्याची आली किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर सगळं काढायचं. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा बुरा बघा: बारीक करडी पेस्ट चालते, टोचणारे तुकडे नाहीत.

भरायला बहुतेक ठिकाणी जीएल-५ प्रतीचं ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल लागतं, एका डिफरन्शियलला साधारण एक ते दीड लीटर, फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. ग्रेड आणि माप मॅन्युअलमधूनच घ्या. गिअरबॉक्सला मॅन्युअल जीएल-४ सांगत असेल तर उरलेलं जीएल-५ तिथे ओतू नका, सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांच्या) पितळेला ते मानवत नाही. ऑइल फारच दुधाळ असेल तर स्वस्तातलं भरून दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला. रॉकेलने धुण्याचा सल्ला बरेच मेस्त्री देतात. ते बेअरिंगमध्ये राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं, त्यामुळे मला तो पटत नाही. कायमचा इलाज म्हणजे ब्रीदरला ऑइल सोसणारी रबरी नळी जोडून बोनेटखाली उंचावर नेणं. नळी मध्ये कुठे झोळ खाणार नाही, एवढं बघा.

गाडी पाण्यातच बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. एकदाही नाही. हिशोब करा: २१८४ सीसीच्या चार सिलिंडरी डिझेलमध्ये एका सिलिंडरला ५४६ सीसी येतात. कॉम्प्रेशन १६ला १ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरते जेमतेम ३६ मिली जागा. पाणी दाबलं जात नाही, तेवढं आत असेल तर वाकतो तो कनेक्टिंग रॉड. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी ओढून बाहेर आणा, एअर फिल्टर उघडा. तो कोरडा असेल तर अर्धी चिंता मिटली. ओला असेल तर डिझेलचे ग्लो प्लग, पेट्रोलचे स्पार्क प्लग काढून क्रँक पुलीला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्या. पाणी उडून बाहेर येतं, तोंड लांब ठेवा. मग इंधन तोडून सेल्फचे छोटे झटके. इंजिन ऑइल फिल्टरसकट बदला, दहा मिनिटं चालवून पुन्हा बदला, आणि डिझेल फिल्टरखालचं पाणी सोडा. सुरू झाल्यावरही कॉम्प्रेशन मोजून घ्या. किंचित वाकलेला रॉड महिनाभर निमूट चालतो आणि मग ब्लॉक फोडून बाहेर येतो.

खारं पाणी ही वेगळीच गोष्ट. किनाऱ्यावर गाडी नेणं गोव्यात बेकायदा आहेच, पण खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधावर किंवा फेरीच्या धक्क्यावर भरतीचं पाणी लागतंच. तेव्हा गाडी सुकायची वाट बघू नका, त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा. चॅसीच्या भोकांतून पाइप आत घालून बाहेर नितळ पाणी येईपर्यंत सोडा, रेडिएटरच्या जाळीवर मात्र हलक्या धारेने. पूर्ण सुकल्यावर पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) मारा. ओल्यावर मारलं तर मीठ आतच कोंडतं.

ब्रेक ड्रम उघडून चिखल काढा आणि रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये घालून चाकाला दगड लावा. वायरींचे कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पण सीटखालचे पिवळे एअरबॅगचे आहेत, ते वर्कशॉपवर सोडा. कार्पेट वरून सुकलेलं दिसतं, खालचा फोम पाणी धरून असतो. जुलैच्या दमट हवेत तो गाडीत सुकणं अशक्यच, दोन दिवसांत बुरशी धरते. सीट काढा, फोम बाहेर काढा, फरशीचे रबरी बूच उघडे ठेवा आणि पंखा लावा.

विमा असेल तर धुण्याआधी पाण्याच्या खुणेचे फोटो काढून कळवा. साध्या पॉलिसीत पाण्यामुळे इंजिन लॉक झाल्याचा खर्च सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड लागते. आणि बुडालेल्या गाडीला सेल्फ मारल्याचं सर्व्हेयरला दिसलं, तर तीही हातची जाऊ शकते.